कुंपणापलीकडचा ठोका

प्रिय मेलेताई,

टोंगात कॉन्व्हेंटच्या शाळेतून आलो की आपण आईच्या ओंडक्यापाशी बसून चादरीचं कापड करायला तुतीची साल कुटून पातळ करायचो. माझी मोगरी चुकली की तू म्हणायचीस, "झोपलीस का गं, आळशे?"

टाळेबंदीत विमानं थांबली आणि तुझ्या मातीलाही मला येता आलं नाही. ऑकलंडच्या या घरात एकटीची झोप उडाली, रक्तदाब वाढला, हातात कप धरवेना. मुलीने फोनवरच सांगितलं, "आई, ही टाळेबंदी उठली की तुला वृद्धाश्रमात ठेवणार."

"ठेवायला मी काय जुनं कपाट आहे?"

त्याच दुपारी आईचा ओंडका काढून गॅरेजात साल कुटायला बसले. आपल्या गावात एकटीचा ठोका ऐकला की शेजारीण मोगरी घेऊन यायची. इथे कुंपण ओलांडायची बंदी. पण पलीकडून शेजारच्या, आपल्याच बेटांवरच्या लुपेने आपल्या फळीवर ठोका दिला आणि ओरडली, "लुसिआ, घाई करतेस गं!"

तेव्हापासून आम्ही रोज कुटतो. गोळ्या घेतेच, पण आता झोप लागते, चहा सांडत नाही. मी कुठेही जाणार नाही.

माझ्यामागे मोगरी लुपेला द्यावी. चादर तुझ्या थडग्यावर घालावी. ओंडका मुलीला, पण त्याच्यापाशी तिने एकटीने बसू नये.

तुझी, अजून इथेच असलेली,
लुसिआ