शेड ४१२, फरक शून्य

३ फेब्रुवारी
बायको लेकीकडे निघून गेली. भांडणात चूक माझी नव्हती. जाताना म्हणाली, तुमच्याकडून या घरात एक जीव सांभाळला जात नाही. माझा ज्युनिपर तीन महिने जगवून दाखवा, मग परत यायचं बघू. बाल्कनीतलं कमरेएवढं झाड, बारमाही हिरवं. त्यात काय सांभाळायचं डोंबल!

४ फेब्रुवारी, सकाळी ६
पाणी एक बादली. संध्याकाळी आणखी एक. माळी म्हणाला, साहेब, याला कोरडं मानवतं, मुळं कुजतील. त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. मला शिकवतो!

५ फेब्रुवारी
हात ओरबाडला. पानं कसली, नुसत्या सुया. म्हणे शोभेचं झाड! पण मीही बत्तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात शेड तपासल्या आहेत. रंगछटांचं शेडकार्ड झाडाला लावून पाहिलं. ४१२, गडद हिरवा. आता दर रविवारी तपासणी, आणि फोटो बायकोला.

१ मार्च
४१२. फरक शून्य. फोटोवर बायकोचं उत्तर: बघितला. कौतुकाचा एक शब्द काढला असता तर जीभ झडली असती का?

२२ मार्च
शेजाऱ्याच्या ज्युनिपरची टोकं फिकट पोपटी पडलीत. असा माल आला असता तर मी अख्खा लॉट परत पाठवला असता. भल्याचं सांगायला गेलो, तर म्हणे काका, नवी पालवी आहे, तुमच्याला नाही आली? दार आपटून घरी आलो. माझं झाड स्थिर आहे.

१९ एप्रिल
४१२. कुंडीत थोड्या सुया गळलेल्या. वरच्यांनी गालिचा झटकला असणार. वर जाऊन चांगलं सुनावलं. त्यांच्याकडे गालिचाच नाही. माफी मागितली नाही.

३ मे, सकाळी
तीन महिने पूर्ण! साक्षीदार हवा म्हणून मुद्दाम माळ्यालाच बोलावलं. त्याने नखाने साल खरवडली. आत तपकिरी, सुकलेलं. म्हणाला, हे कधीच गेलंय साहेब. हे झाड मेलं तरी महिनोन्महिने हिरवं दिसतं. त्याला शेडकार्ड दाखवलं. त्याने ते नीट पाहिलं आणि परत माझ्या हातात दिलं.

३ मे, दुपारी
बायकोला फोन केला. झाड गेलं म्हणालो. म्हणाली, मला मार्चमध्येच फोटोवरून कळलं होतं, एकही नवं टोक नव्हतं. मग बोलली का नाहीस, म्हणून ओरडलो. तुम्हाला कधी कळतंय ते बघत होते, म्हणाली.
परत कधी येतेस, विचारलं. तर म्हणाली, वेळेवर जेवत जा.
आवाज अगदी शांत होता. चिडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.