आजोबांच्या फांदीची चेरी

हिगाशिने, २४ जून

प्रिय मिसाओ,

चार वर्षांत तुला एकही पत्र लिहिले नाही. कारण तुला ठाऊक आहे. शाळा चौथीत सुटली असली तरी माझे अक्षर सुवाच्य आहे.

येथे सर्व कुशल. पावसाआधी झाडांवर प्लास्टिकचे छत चढवून झाले, तोडणी निम्म्यावर आली. तुझी आई पहाटेपासून पेट्या भरते. देठ खाली, लाल गाल वर. तिच्या रांगेत अजूनही एक फळ वाकडे नसते.

कुंपणाजवळचे, तुझ्या आजोबांनी लावलेले झाड तुला आठवत असेल. त्याची खालची जाड फांदी मी तीस वर्षे जपली. हंगामातील पहिली वाटी तिच्याच चेरीची. ती देव्हाऱ्यात आजोबांच्या नावाच्या पाटीपुढे ठेवायची आणि मग आपण खायची, हा घरचा नेम. तिच्या जोडीची दक्षिणेकडची फांदी चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत तू मला न विचारता कापलीस. कृषिशाळेतून नुकतीच आली होतीस. म्हणालीस, "बाबा, लाकूड म्हातारं झालं की फळ बारीक राहतं, त्यात हे खाली सावलीत. इथून कोवळी फांदी वर उन्हात येऊ द्या, मग बघा." मी काय बोललो ते पुन्हा लिहिणार नाही. कापलेली फांदी जोडता येईल तेव्हाच या बागेत पाऊल ठेव, असे बोललो. लिहिलेच शेवटी.

गेल्या रविवारी नेमाप्रमाणे देव्हाऱ्यातील वाटी उचलली आणि एक चेरी तोंडात टाकली. मिसाओ, असे फळ मी या बागेत कधी खाल्ले नव्हते. गर घट्ट, गोडी घशापर्यंत. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "पाहिलंस? ही माझ्या वडिलांची फांदी! पोरीला म्हणावं, ये आणि चाखून बघ."

तुझ्या आईने पेटीवरून मानही वर केली नाही. "पोरीचीच आहे ती. तिनं कापलं तिथं फुटलेल्या फांदीची. यंदा पहिल्यांदा भरून लागली. तुमच्या फांदीची मुरंब्याच्या पातेल्यात गेली. तिथं साखर तरी मिळते बिचारीला."

विश्वास बसेना, म्हणून रसाचा थेंब टाकून गोडीचा आकडा पाहायची नळी घेऊन बागेत गेलो. जुन्या फांदीचा रस चौदा. तुझ्या फांदीच्या बुडाकडचा एकोणीस. वर उन्हातल्या फळाचा चोवीस. नळी पुसली, पुन्हा पाहिले. पुन्हा चोवीस. शिडीच्या पायरीवर बसून राहिलो. तीस वर्षे मी वडिलांपुढे बागेतले सर्वांत फिके फळ मांडत आलो, आणि त्या फळासाठी तुला घराबाहेर काढले.

ती जुनी फांदी आता जायला हवी. काल दिवसाची तोडणी झाल्यावर मी करवत लावली आणि न कापताच काढून घेतली. माझ्या हातून ते होणार नाही. एवढ्यासाठीच हे पत्र. फेब्रुवारीत, छाटणीला ये. काही जोडायची गरज नाही. करवतीला धार लावून ती तुझा हात पोहोचेल अशा खुंटीवर टांगली आहे. तू लहान असताना मी वर चढत असे आणि तू खाली उभी राहून शिडी धरायचीस. या वेळी तू चढ.

खाली शिडी धरून उभा असलेला,
तुझाच बाबा