यंदा लोणचं कमी

१६ एप्रिल २०१७, रविवार. एटोबिको, कॅनडा

इटलीतल्या त्या शेतघराचं बुकिंग आज करायचं होतं. फोटोत ऑलिव्हच्या झाडाखाली दोन खुर्च्या आहेत. दहा दिवस तिथे नुसतं बसायचं. शिरीष म्हणतो, "लग्नाला वीस वर्षं झाली, सगळी व्हेकेशन पुण्यातच गेली. एकदा तरी आपल्या दोघांसाठी." खरंच आहे त्याचं. पण रजा तेवढीच, म्हणजे यंदा आईकडे जाणं नाही.

सकाळी तिला फोनवर सांगितलं. वाटलं होतं, रुसेल. तर म्हणाली, "जा गं. जावईबापूंनाही जरा विसावा." मग थांबून, "लोणचं कमी घालते मग यंदा. तुझ्या दोन बरण्या नकोत."

एवढंच. दरवर्षी त्या बरण्या टॉवेलात गुंडाळून ती माझ्या बॅगेत ठेवते आणि मी वजनावरून कुरकुरते. ब्याऐंशीची झाली आता. अजून किती वर्षं घालणार आहे?

"केलंस बुक?" शिरीषने आत्ता विचारलं. नाही म्हटलं. फोटो अजून समोर उघडाच आहे, त्या खुर्च्या.

उद्या आईला सांगेन, माझ्या बरण्या भरच. न्यायला कधी येईन, ते मात्र विचारू नकोस.