कॉम्प्रेसरमागची पाल

३० नोव्हें., रविवार
डेअरीत आज दूध घालायला मनीषा आली. तिचे वडील गव्हाला पाणी द्यायला गेलेले. कॅन घेताना बोटाला बोट लागलं. नुसतं लागलं. मग दिवसभर माझं मन कामात नाही.
तिला थर्ड इयरचा प्रोजेक्ट करायचाय, पालींवर थंडी-उष्णतेचा परिणाम. अरे, हे तर माझ्या डोळ्यांसमोरच! दुधाच्या टाकीमागं एक पाल, गारठून चिकटलेली. कूलरच्या गरम कॉम्प्रेसरमागं दुसरी, एकदम तरतरीत. ऊब मिळाली की पाल सुखी, ठोकून दिलं. तिनं लिहून घेतलं. माझं वाक्य, तिच्या वहीत!!

३ डिसें.
मोबाईलवर मिनिट लावून दोन्ही पालींच्या गळ्याची धडधड मोजली. गरमवालीची भलतीच जोरात. गारवाली मेली की काय... मग हलला गळा.
डेअरीवाले नाना: "काय रे मास्तर, पालींची हजेरी घेतो व्हय?" कॉलेज सोडल्यापासून हेच नाव. आज राग आला नाही.

१४ डिसें., रविवार
घोळ. गरमवालीची शेपटी पार काडी झालीय. चरबी शेपटीतच साठते, एस.वाय.ला शिकलेलो. थंडीत किडे न्हाईत, अन् हिचं इंजिन दिवसरात्र चालू! गारवालीखाली पंधरा दिवसांत एक लेंडी नाही, म्हणजे पोटात काही नाही, तरी शेपटी जाडजूड. तिला लागतंच किती!
पण मनीषानं उलटं लिहिलंय. उद्या द्यायचंय. पळत तिच्या मळ्यात गेलो.
"तवा नीट बघून बोलायला काय झालं हुतं?"
मग ती स्वतः डेअरीत आली, दोन्ही शेपट्या बघितल्या. बराच वेळ. म्हणाली, पानं फाडून परत लिहिते.
"पण सरांनी विचारलं तर तुझंच नाव सांगनार."
सर म्हणजे तेच. ज्यांच्या टेबलावर जर्नल आपटून मी कॉलेजातून बाहेर पडलो.

१६ डिसें.
म.चा फोन. सर म्हणाले, ज्यानं बघितलं त्यालाच आण. उद्या! म. म्हणते, आधी माफी माग, मग पाल. मी म्हटलं, आधी पाल. तिनं फोन ठेवला.

१७ डिसें.
सरांच्या केबिनबाहेर, बाकावर. म. आत. माझं नाव ऐकू आलं, दोनदा. माफीही पाठ आहे, पालही. तोंडातून आधी काय निघेल ते
दार उघडलं. म. बोलावतेय