कालव्याकाठची मोजणी

४ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या गुडघ्याला आराम पडला, वाचून बरं वाटलं. इथे मात्र रण पेटलंय. कालव्याकाठची सायकलची वाट बुजवून तिथे मोटारी उभ्या करायच्या, असा नगरपालिकेचा बेत आहे. रस्तेखात्याच्या साहेबबाई विचारतात, त्या वाटेने जातंच कोण. सोमवारपासून आठवडाभर वाटेवर रबरी नळी टाकून चाकं मोजणार. दिवसाला दोनशे सायकली भरल्या नाहीत, तर वाट गेली. मोटारीतला तेवढा माणूस, सायकलवरचा म्हणजे डास, असा यांचा न्याय. मी वाचनालयाच्या पायऱ्यांवरून सातवं भाषण ठोकलं. आता साठजण फावडी घेऊन येताहेत. दोन्ही टोकांना दोर बांधून आठवडाभर खड्डे भरणार. वाट आरशासारखी करून दाखवते त्यांना.

लोभ आहेच, वाढवायचा तर सायकलवर बस.

ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, तोवर चहा गार झाला. ताई, मी बावीस वर्षं रस्त्यावरची वाहनं मोजतोय. आमची नळी फार बिनडोक असते. अंगावरून चाक गेलं तरच तिला कळतं. तू दोर बांधलास तोच आठवडा मोजणीचा ना? मग ती मोजणार काय, तुमची फावडी? पत्र मिळताक्षणी दोर सोड. ही म्हणते, वन्संना रागावू नका, त्यांनी पुस्तकं वाचलीत, नळी वाचलेली नाही.

रागावलीस तरी लोभ असू दे.

ठोंब्या

१५ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास अ. आ.

तुझं पत्र मोजणी संपल्यावर हातात पडलं. आठवड्याचा आकडा अकरा. त्यातल्या नऊ आमच्या खडीच्या हातगाडीच्या फेऱ्या. जन्मभर अधिकाऱ्यांचं आंधळेपण चव्हाट्यावर मांडलं आणि स्वतःच्याच वाटेला कुलूप घालून बसले.

सुनावणीला चौदा पानांचं भाषण नेलं होतं. ते पिशवीतच ठेवलं. चूक माझी आहे, शिक्षा वाटेला नको, एवढंच म्हटलं. साहेबबाईंनी चष्मा काढून पुसला. फेरमोजणी देते म्हणाल्या, पण सात दिवस मी गावात त्या वाटेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. गोळा केलेली गर्दी त्यांना नको, रोजची ये-जा हवी. परगावच्या भावाला लिहिलं तर चालेल, एवढी सूट मागून घेतली.

परवापासून नळी पुन्हा पडली आहे. बेकरीवाला विचारतो, बाईंची आज सभा नाही का. मी पाव घेते आणि निघते. खरं सांगू, भीती वाटते रे. मी हाक मारली नाही, तर येईल का कोणी?

मुकी झालेल्या बहिणीला विसरू नकोस.

ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

आई सांगायची, तू जन्मलीस तेव्हा रडली नाहीस, निषेध नोंदवलास. अशा बाईला सात दिवस गप्प बसवणाऱ्या साहेबबाईंचा पत्ता कळव, आमच्या साहेबांना शिकवणीला पाठवतो. नळीवर भरवसा ठेव. तिला वशिला कळत नाही, तसा आकसही कळत नाही.

तोंड मिटून का होईना, लोभ ठेव.

ठोंब्या

२३ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास अ. आ.

दिवसाला तीनशे चाळीस. वाट राहिली, काल ठरावही झाला.

सहाव्या दिवशी न राहवून मी तिथल्या बाकावर पुस्तक घेऊन बसले होते. ते उघडलंच नाही. रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या नर्सा, टपालवाला, घंटी वाजवत शर्यत लावणारी शाळेची पोरं, सायकलला शिडी बांधून चाललेला रंगारी. निम्मे चेहरे माझ्या एकाही सभेत दिसले नव्हते. लोकांना जागं करायला हवं, असं मी ओरडत होते. ते माझ्या आधी उठून त्याच वाटेने कामाला जात होते.

सोमवारी वाटेच्या तोंडाशी पाटी लावायची आहे. साहेबबाईंनी मला भाषणाला बोलावलं, सकाळी आठला. त्या वेळी सगळे कामावर निघतात, सभा भरली तर त्यांना उशीर होईल. म्हणून मी नको म्हटलं.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. लोभ आहे तसाच राहू दे.

ताई