चारीच्या दाराची किल्ली

अण्णा, कालव्यातून शेतांकडं येणाऱ्या आपल्या चारीच्या दाराला आता कुलूप नसतं. तुमच्यानंतर पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याची जागा कुणी भरलीच नाही. कालव्याला पाणी सुटलं की लोक आपापसात पाळ्या ठरवतात. "मग डोकी किती फुटली?" असं तुम्ही लगेच विचारलं असतंत. बोलाचाली होतात, पण डोकं अजून एकही फुटलेलं नाही. मला त्याचंच नवल वाटतं.

सायकलवर टांग टाकताना तुम्ही म्हणायचात, "पोरी, पान्यापाशी मानूस मानूस राहत न्हाई. डोक्यावर सरकार लागतंच." आणि तुमचा नियम एकच: पाणी आधी चारीच्या शेवटच्या शेताला, मग वर वर येत, वरच्यांनी कितीही चहा पाजला तरी. मग एकदा ऐन पाळीत तुम्ही तापानं पडलात. शेवटच्या शेतातली काकू दारात आली. "किल्ली दे गं, कांदा माना टाकाया लागलाय." मी दहा वर्षांची. तुमच्या उशाखालची किल्ली मी काढून दिली. शाळेतून येताना रोज बघायचे. वरचे शेतकरी आपापल्या शेतांची दारं बंद करून बांधावर बसलेले आणि पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत खाली चाललेलं. पाचव्या दिवशी काकूनं किल्ली परत केली, सोबत ओंजळभर शेंगा.

बरे झाल्यावर तुम्ही चारीवर जाऊन आलात आणि ताटावर बसून विचारलंत, "पानी कुनी वाटलं?" मार बसेल म्हणून मी सांगितलं, कालव्याचे मोठे साहेब येऊन गेले. "तरीच," म्हणालात आणि पोटभर जेवलात. पुढं हाच दाखला तुम्ही गावभर देत राहिलात. काकू पदराआड हसायची, पण तुम्हाला खोटं कुणीच पाडलं नाही. साहेब आलेच नव्हते, अण्णा.

माणसं मुळात तशीच होती, की तुमच्या धाकानं वळण लागलेलं? परवा काकूच्या सुनेला विचारलं. ती म्हणाली, "आण्णांनी लावलेली सवय हाय." तिचा नवरा म्हणाला, "सवय कसली? शेजाऱ्याचं वाळताना कोन बघत बसंल?" दोघांचंही मला पटलं, म्हणून पंचाईत.

नोकरी संपवून आता आपलं शेत मीच करते. ते चारीच्या तोंडाशी, म्हणजे माझी पाळी सगळ्यांच्या शेवटी. गेल्या आठवड्यात कांदा सुकताना बघवेना. भर दुपारी, आसपास चिटपाखरू नसताना, मी आपल्या शेताचं दार चार बोटं उचललं. पाणी पहिल्या वाफ्यात शिरलं आणि माझ्याच हातांनी मी दार परत खाली केलं. लाज वाटली की भीती, सांगता येत नाही. एवढं मात्र खरं, की दार लावताना मी मागं वळून रस्त्याकडं पाहिलं, तुमची सायकल येतेय का म्हणून.