इंग्रजीत नापास

पुणतांबा,
ता. १४ जून १९७१

चि. सौ. विजयमाला हिस, रंगनाथकडून पोटभर आशीर्वाद. वि. वि.

निकाल तुझ्या आत्यासासूच्या, साळूबाईच्या पत्रातून कळला. पुन्हा नापास झालीस म्हणून जेवण सोडू नकोस, तू सोडलंस असं ती कळवते. परक्या मुलखाचे शब्द ते, दावं लावलं की गोठ्यात उभे राहायला आपली गाय थोडेच आहेत! तुझ्या सासूने मात्र इंग्रजांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आमच्या गोरक्षनाथचं, तुझ्या नवऱ्याचं, विलायतेहून पत्र आलं. तुझी आवर्जून चौकशी केली आहे. इंग्रजीच्या परीक्षेचा दाखला मिळाला की लगेच बोलावून घेतो म्हणतो. तुला नगरला माझ्या बहिणीकडे, साळूबाईकडे ठेवलं ते त्यासाठीच. तेव्हा पोरी, नेट लाव. तब्येतीला जप आणि आम्हा म्हाताऱ्यांची आठवण ठेव.

तुझा मामा,
रंगनाथ


नगर,
ता. २ जुलै १९७१

ती. स्व. मामांच्या पायांवर डोकं ठेवून विजयमालाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं आणि रडूही. आता जेवते आहे.

शब्द पाठ व्हावेत म्हणून घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. पिंपावर, मोरीच्या दारावर, आत्याबाईंच्या पानाच्या डब्यावरसुद्धा. त्या म्हणाल्या की आता तेवढं माझं कपाळ राहिलंय. पण ऐकून ऐकून त्यांनाही बरेच शब्द येऊ लागलेत. काल दूधवाल्याला 'मिल्क लेट' म्हणून झापलं, तो बिचारा पाहतच राहिला.

नोव्हेंबरात परत बसते. सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळायला मी नाही, याचं वाईट वाटतं. लोभ आहे तो राहू द्यावा.

आपली,
विजयमाला


पुणतांबा,
ता. १० जानेवारी १९७२

चि. सौ. विजयमाला हिस, आशीर्वाद. वि. वि.

तिसऱ्यांदा नापास झाल्याचं कळल्यावर मी परवा नगरला आलो होतो. तू बाजारात गेली होतीस, म्हणून थेट तुझ्या शिकवणीच्या मास्तरांकडे गेलो. ते म्हणाले की इतके शब्द येणारी दुसरी मुलगी त्यांच्या वर्गात नाही, आणि तू नापास कशी होतेस हे कोडं त्यांनाही सुटत नाही. तुला न भेटताच परतलो. रागात होतो, तोंडून भलतंच गेलं असतं.

गावात तोंड द्यावं लागतं ते मला. पारावर आसाराम म्हणाला की तुमच्या सुनंचं डोकं इंग्रजीत चालत न्हाई वाटतं. मी म्हटलं, न्हाई चालत. आणि उठून घरी आलो.

मला खरं काय ते कळव. सासूला वाचून दाखवणार नाही.

रंगनाथ


नगर,
ता. १७ जानेवारी १९७२

ती. स्व. मामांस, विजयमालाचा शि. सा. न.

मामा, मी पेपर कोरा देते. तिन्ही वेळा दिला. 'ॲबण्डन' हा शब्द वाक्यात वापरा, असं या खेपेला विचारलं होतं. म्हणजे टाकून देणं. वाक्य मनात तयार होतं. पेन खाली ठेवलं.

विलायतेहून ते आधी म्हणाले मॅट्रिक हो, झाले. मग शिवणकामाचा दाखला मागितला, तोही पाठवला. मग इंग्रजी निघालं. मला ते एक ओळ लिहीत नाहीत. त्यांनी माझी चौकशी केली असं तुम्ही दर वेळी कळवता, पण ते शब्द तुमचे असतात, हे मला ओळखू येतं.

मी पास झाले आणि तरीही बोलावणं आलं नाही, तर काय करू? आज लोक म्हणतात, सून नापास झाली. उद्या म्हणतील, नवऱ्याने टाकली. मग देवळाली प्रवऱ्याला माहेरी जाऊन बसायचं, आणि धाकट्या बहिणीचं लग्न माझ्यापायी अडायचं. दुसरं काही सुचत नाही. मला रागवा, पण पदरात घ्या.

विजयमाला


पुणतांबा,
ता. २५ जानेवारी १९७२

चि. सौ. विजयमाला हिस, अनेक अनेक आशीर्वाद.

पत्र मळ्यात नेऊन वाचलं. विहीर आटली तर खोल खणता येते, बैल बसला तर कोणता पाला चारायचा ते माहीत आहे. पोटच्या पोराचं मन फिरलं त्याला काय करायचं, मला ठाऊक नाही. त्याला चार वेळा लिहिलं, शिव्याही दिल्या. तो उत्तरात उसाचा भाव विचारतो.

हे घर तुझं आहे, असं मी शंभरदा लिहीन. पण मी पारावरच्या लोकांची तोंडं बांधू शकत नाही, आणि तुझ्या बहिणीला बघायला येणाऱ्यांचीही नाही. मला त्याची लाज वाटते.

तुझी सासू तू पास व्हावीस म्हणून शनिवार धरते. तिला काही सांगितलं नाही. मे महिन्याच्या परीक्षेचा तुझा अर्ज आजच भरून पाठवला आहे. शब्द पाठ करत राहा, मास्तरांना संशय येऊ देऊ नकोस. आणि पोरी, अगदी कोरा पेपर देत जाऊ नकोस, कुणाच्या तरी लक्षात येईल. थोडं काहीतरी चुकीचं लिहून ये.

तुझा मामा,
रंगनाथ